मागचा दिवा

गाडी बंद पडली आणि पाठोपाठ ती बाई हसली.

मी आत भाकरी थापत होते. आमचं घर गॅरेजच्या पाठीलाच, मधे फक्त एक पत्र्याचं दार, त्यामुळं बाहेर कुणी कुजबुजलं तरी मला चुलीपाशी कळायचं. आणि ही बाई तर मोकळ्या गळ्यानं हसली. गाडी बंद पडल्यावर हसण्यासारखं काय असतं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. पण खरा घाव पुढंच होता, कारण तिच्यामागून माझा नवराही हसला. याच माणसानं मागच्या महिन्यात एका स्कूटरनं त्रास दिला म्हणून पाना भिंतीवर भिरकावला होता. मी ऐकत राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली. मी ती वेगळी काढून ठेवली. म्हटलं, ही आज त्यांच्याच ताटात.

शहाऐंशी सालची गोष्ट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं, आजही आहे. नवऱ्याचं नाव महिपती. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, पण राग आला की मनातल्या मनात महिपतराव म्हणते, आणि त्या दिवसांत मी उठता-बसता महिपतरावच म्हणत होते.

गाडी इनामदारांची होती. विलायती मोटारसायकल, जुनी, माळरानावर आणि चिखलात पळवायच्या जातीची. उंच, हडकुळी, जाड नक्षीचे टायर, सायलेन्सर वर उचललेला. तिला बॅटरी नव्हती. इंजिन फिरलं की आतलं मॅग्नेटो फिरायचं, आणि त्याच्याच जोरावर प्लगला ठिणगी मिळायची आणि दिव्यांना उजेड. रावसाहेब इनामदारांना ती चालवायची हौस कमी आणि रेसला उतरवायची जास्त. टेंबलाईच्या माळावर तेव्हा रेसा व्हायच्या. आमचं लग्न व्हायच्या आधी महिपतराव रावसाहेबांसाठी ही गाडी पळवायचे आणि लोक म्हणायचे, हा पोरगा गाडीवर बसत नाही, गाडीतनंच उगवतो.

तेव्हाचा एक फोटो गॅरेजच्या भिंतीवर गणपतीशेजारी लावलेला होता. रेस सुटायच्या आधी गाड्या ओळीनं उभ्या आहेत, महिपतरावांनी केस मागं फिरवलेत आणि कडेला रावसाहेबांचं बोट धरून फ्रॉकमधली एक मुलगी उभी आहे. ती मुलगी म्हणजे ही हसणारी बाई, रावसाहेबांची लेक देवयानी. आता ती फ्रॉकमधली राहिली नव्हती. पुण्यात शिकली होती, गॉगल लावायची, मोटार स्वतः चालवायची आणि समोरच्याकडं सरळ बघून बोलायची. दिसायला चांगली होती. वाईट असती तर मी कशाला एवढी जळले असते?

रावसाहेब वारल्यावर ती गावाकडचं घर आवरायला आली, तेव्हा गोठ्यात पोत्यांखाली तिला ही गाडी सापडली. तिनं ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आमच्या दारात आणून उभी केली. म्हणाली, वडिलांची एवढीच वस्तू मला पुण्याला न्यायची आहे, पण चालू झाल्याशिवाय नेणार नाही. तिला शोभेचं लोखंड नको होतं. महिपतराव नुसते गाडीभोवती फिरत राहिले. टाकीवरनं हात फिरवला, सीटवरची धूळ आपल्या बाहीनं पुसली. मला वाटलं, गिऱ्हाईक मोठ्या घरचं आहे म्हणून चाललंय.

गाडी लवकरच सुरूही झाली. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला, नवीन प्लग घातला आणि किक मारल्यावर तिचा आवाज उद्यमनगरभर गेला. शेजारच्या लेथवाल्यांनीही काम थांबवून बघितलं. त्यानंतर मात्र एक भलतंच सुरू झालं. गाडी सुरू व्हायची, पळायची, आणि मधेच मरायची. पुन्हा किक मारली की सुरू. पुन्हा कुठंतरी मरायची. देवयानी बघायला यायची, गाडी तिच्यासमोर मरायची, आणि महिपतराव म्हणायचे, बघू ताईसाहेब, परवा या. ताईसाहेब म्हणायचे खरे, पण त्यातल्या 'ताई'त मला काही बहीण ऐकू यायची नाही.

परवा म्हटलं की ती परवा यायची. ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसायची आणि हे खाली उकिडवे बसून तिला मॅग्नेटो दाखवायचे. हे पॉइंट, हे उघडतात आणि मिटतात. ही कॉइल, हिच्यात ठिणगी तयार होते. बाई गालावर हात ठेवून ऐकायची. आमच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि एवढ्या सलग वाक्यात हे माझ्याशी कधी बोललेले मला आठवत नव्हते.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा राग नुसत्या बाईचा वाटेल, आणि तो तेवढाच नव्हता. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, इचलकरंजीत मोटारी आणि डायनॅमो वाइंडिंग करून द्यायचे. त्यांना मुलगा नव्हता. त्यामुळं माझ्या मैत्रिणी भरतकाम शिकत होत्या तेव्हा मी तांब्याच्या तारेचे वेढे घालत होते. महिपतराव जळलेल्या कॉइली घेऊन आण्णांकडं यायचे, तिथंच आमचं जमवलं गेलं. लग्न झाल्यावर मी दुकानात बसले नाही, तशी पद्धतच नव्हती. पण कुठल्या गाडीचं विजेचं काही अडलं की ते रात्री ताटावर यायचं. "अगं, ठिणगी हाय पण पिवळी पडती," असं हे म्हणायचे आणि मी आमटी वाढता वाढता सांगायचे, कंडेन्सर बदला. दुसऱ्या दिवशी गाडी चालू. बाहेर कुणाला पत्ता नसायचा आणि मीही कधी कुणाला सांगितलं नाही. कुणाच्या अंगावर सासरचे दागिने असतात, माझ्याकडं हे होतं.

आणि इनामदारांच्या गाडीबद्दल महिपतरावांनी मला एक अक्षर विचारलं नाही.

मी वाट बघितली. कधी आपणहून विषय काढला. त्या करपलेल्या भाकरीच्या दिवशीही काढला.

"त्या गाडीचं काय झालं?"

"बघायलोय."

"ठिणगी येते का?"

"येती की."

"मग मरते कशानं?"

"जेव तू. आज भाकरी करपल्या वाटतं." असं म्हणून त्यांनी करपलेला पापुद्रा ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि बाकीची भाकरी शांतपणे खाल्ली. एरवी एवढ्यावर बोलणं झालं असतं. त्या दिवशी मात्र हे शीळ घालत हात धुवायला गेले. मनात म्हटलं, बाईनं पार भुलवलं.

दुसऱ्या दिवशी यांनी बाबालालला बोलावलं. बाबालाल हा उद्यमनगरातला नावाजलेला वायरमन. कामाला चोख, पण उद्यमनगराचा जो नियम तोच त्याचा: आधी इंजिन, मग बत्ती. इंजिन नीट चालेपर्यंत दिव्यांकडं कुणी बघायचंच नाही. त्यात ही रेसची गाडी, म्हणजे दिव्यांना काहीच किंमत नाही. त्यानं प्लग बघितला, पॉइंट घासले, कॉइल काढून तपासली. सगळं ठणठणीत होतं. शेवटी म्हणाला, एखादी वायर कुठंतरी घासत असणार, आणि सगळ्या वायरिंगला टेप गुंडाळली. मागचा दिवा लागत नाही हेही त्याच्या लक्षात आलं होतं, कारण तो म्हणाला, "महिपा, ह्या बत्त्या मागनं बघू." आणि महिपतराव लगेच म्हणाले, "व्हय व्हय, बत्त्या शेवटालाच."

मी दाराच्या फटीतनं हे सगळं बघत होते. बाबालालला विचारलं, मला नाही. आता मला सगळं उमगलं असं वाटलं. पुण्याच्या शिकलेल्या बाईसमोर, बायकोला विचारून गाडी दुरुस्त करणारा माणूस कसा दिसेल? म्हणून मी आतच बरी. भांडी घासायला, भाकरी थापायला.

तरीही मी गप्प बसले असते. पण त्याच आठवड्यात असं काही कानावर पडलं की माझा संयम संपला. देवयानीनं विचारलं होतं की तारेतून करंट पुढं जातो, मग परत कशाला यावा लागतो. तेव्हा महिपतराव तिला म्हणाले, "ताईसाहेब, करंट नुसता जात न्हाई. परत यायची वाट असंल तरच घरातनं निघतो."

हे वाक्य आण्णांचं होतं. मी लहान असताना आण्णांनी मला मांडीवर बसवून हे सांगितलं होतं, आणि लग्न झाल्यावर मी ते यांना सांगितलं होतं. आण्णा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझ्या माहेरची वस्तू माझ्या नवऱ्यानं त्या बाईला उचलून दिली, आणि ती म्हणाली, "किती सुंदर सांगता तुम्ही." मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. माझं नेहमी असंच होतं. मला कळलं की गाडी जितके दिवस मरत राहील तितके दिवस ही बाई येत राहील. म्हणजे गाडी चालू होण्यात माझंच भलं होतं. रुसून बसण्यात काही हशील नव्हतं. मी कान लावून ऐकायला सुरुवात केली. गाडी मरायच्या आधी प्रत्येक वेळी एक बारीक कुईं असा आवाज यायचा. तो ब्रेकच्या पेडलचा होता, गोठ्यात पडून गंजलेल्या पेडलचा. ब्रेक दाबला की गाडी मरत होती. बाबालालनं हे ऐकलं असणार, म्हणूनच तो घासणारी वायर शोधत बसला. पण टेप गुंडाळूनही ती मरतच होती.

एका दुपारी महिपतराव शाहूपुरीत सामान आणायला गेले आणि मी गॅरेजमध्ये शिरले. खोटं कशाला बोलू, आधी मी गाडीकडं गेलेच नाही. आधी गेले फोटोपाशी. ही देवयानी लहानपणी तरी बरी दिसत होती का, हे मला बघायचं होतं. बरीच दिसत होती. मग तिच्याकडं बघायचं नाही म्हणून मी गाड्यांकडं बघितलं, आणि मला एक गोष्ट दिसली. रेसच्या गाड्यांचे दिवे आधीच काढून ठेवतात, वजन कमी व्हावं आणि काच फुटू नये म्हणून. फोटोतल्या बाकी सगळ्या गाड्यांचे दिवे काढलेले होते. महिपतरावांच्या गाडीचाही पुढचा दिवा काढलेला होता, पण मागचा लाल दिवा मात्र जागच्या जागी होता. जिंकायला निघालेल्या माणसानं हा एवढा दिवा कशाला ठेवावा?

आणि आण्णांच्या दुकानात आलेली एक विलायती मोपेड मला आठवली. तिचाही असाच प्रकार होता. त्या गाड्या बनवणाऱ्यांनी एक चतुराई केलेली असते. ठिणगीच्या कॉइलचा करंट परत येताना मागच्या दिव्यापाशी येतो. ब्रेक मोकळा असेल तर तिथलं बटण त्याला थेट गाडीच्या अंगात सोडतं. ब्रेक दाबला की बटण ती वाट बंद करतं, मग करंटला दिव्याच्या बल्बमधून जावं लागतं, आणि जाता जाता तो बल्ब पेटवून जातो. बल्बच नसेल तर परत यायची वाट बंद, ठिणगी बंद, इंजिन बंद. एवढ्याशा बल्बची गोष्ट, पण उद्यमनगरच्या नियमाप्रमाणं त्याच्याकडं कुणी शेवटपर्यंत बघणार नव्हतं.

मी मागच्या लाल काचेचे स्क्रू काढले. ते सहज निघाले. आतली बल्बची जागा रिकामी होती, आणि आतलं पितळ चकचकत होतं. बाबालालनं काढून कुठंतरी टाकला असेल, असं मला वाटलं आणि मी त्यावर अधिक विचार केला नाही. रागात माणूस हवा तेवढाच विचार करतो. आण्णांच्या वस्तूंची ट्रंक माझ्याकडं होती, तिच्यात सहा व्होल्टचे बल्ब होते. मी तिथल्या तिथं एक बसवू शकले असते. पण मग ते कुणाला दिसलं असतं? मी काच परत लावली, बल्ब पदराच्या टोकाला बांधला आणि परवाची वाट बघत बसले.

परवा आला. देवयानी डब्यावर बसली. बाबालालही होता. महिपतरावांनी किक मारली, अंगणात एक वळसा घेतला, कुईं झालं आणि गाडी मेली. बाई हसली. मी पदर खोचून बाहेर आले.

"मी बघू जरा?"

महिपतरावांचा चेहरा एकदम उतरला. तसा चेहरा मी आधी एकदाच बघितला होता, सासरे गेले तेव्हा. मला मात्र त्या क्षणी आनंद झाला. म्हटलं, आता कळलं ना.

"तू कशाला? चुलीवर दूध हाय न्हवं?"

"उतरवून ठेवलंय."

"अगं, हे असलं काम तुला..."

"वहिनींना कळतं यातलं?" देवयानीनं विचारलं. ती खरंच कुतूहलानं विचारत होती, पण मला ते टोचलं. मी सरळ पुढं झाले. गाडीमागं बसले, स्क्रू काढले आणि लाल काच बाबालालच्या हातात दिली.

तो वाकून बघून म्हणाला, "आयला, बल्बच न्हाई की. पण वहिनी, बल्बचा नि इंजिनचा काय संबंध?"

मी देवयानीकडं बघितलं. इतके दिवस जे वाक्य मनात घोळत होतं ते मी तिच्या तोंडावर परत घेतलं.

"करंट नुसता जात न्हाई बाबालालभाई. परत यायची वाट असंल तरच घरातनं निघतो. माझे आण्णा सांगायचे."

पदराची गाठ सोडून मी बल्ब बसवला आणि म्हणाले, "मारा किक." महिपतराव उभेच होते. दुसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी किक मारली. गाडी सुरू झाली. "दाबा ब्रेक," मी म्हणाले. ते माझ्याकडं बघत राहिले आणि पाय काही हलेना. शेवटी मीच खाली वाकले आणि हातानं पेडल दाबलं. कुईं झालं. मागचा दिवा लाल पेटला आणि इंजिन तसंच चालू राहिलं.

बाबालालनं कानाला हात लावला. देवयानी पळत आली आणि तिनं माझे काळे झालेले दोन्ही हात हातात घेतले. "वहिनी, मला वाटायला लागलं होतं की ही गाडी काही इथून हलत नाही. उद्याच टेम्पो पाठवते." 'उद्या' हा शब्द मला कधी एवढा गोड लागला नव्हता. मी तिला चहा केला. साखरही हात सैल सोडून घातली.

ती गेल्यावर महिपतराव म्हणाले, एक राउंड मारून येतो, आणि टेंबलाईकडं निघून गेले. परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि ते कमरेपर्यंत चिखलानं माखले होते. गाडी त्यांनी स्वतः धुतली, मग स्वतः आंघोळ केली. मी गरम भाकरी केली, वर तुपाची धार सोडली. त्यांनी ती खाल्ली, पण काय खाल्लं हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी ताट उचललं. म्हटलं, बाई जाणार याचं दुःख आहे, चार दिवसात निवळेल.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. गाडी दोरखंडानं बांधायचं काम महिपतरावांनी कुणाला करू दिलं नाही. दोरी टाकीवर घासू नये म्हणून तिच्याखाली आपलं जुनं धोतर घडी करून घातलं. देवयानी निघताना नमस्कार करून म्हणाली, "तुमचे उपकार विसरणार नाही." यांनी मान हलवली, पण तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी ते बरोबर टिपलं. बघवत नाही इतकं झालंय तर, असं मनात म्हणाले. टेम्पो कोपऱ्यावर वळला तरी हे रस्त्यातच उभे होते.

मी कपडे धुवायला बसले. यांचा खाकी शर्ट भिजवायच्या आधी नेहमीप्रमाणं खिसे चाचपले, कारण खिशात नट-बोल्ट राहिले तर धुणं फाटतं. वरच्या खिशात गॅरेजात हात पुसायला वापरतात त्या वेस्टच्या सुताचा एक छोटा बोळा होता. नीट गुंडाळलेला. मी तो उलगडला, तर आत एक बल्ब निघाला. जुना, विलायती, सहा व्होल्टचा. उजेडात धरून बघितला. आतली तार शाबूत होती.

मी तो हातात घेऊन मोरीतच बसून राहिले. आधी वाटलं, बाबालालनं काढून दिला असेल. मग तो फोटो आठवला. सगळ्यांचे दिवे काढलेले आणि एकाचाच ठेवलेला. तो कुणी ठेवला होता? जो त्या गाडीवर बसला होता त्यानं. दिवा काढला तर ब्रेकवर गाडी मरते, हे साऱ्या कोल्हापुरात कुणाला माहीत असणार होतं? सहज निघालेले ते स्क्रू आठवले, चकचकीत पितळ आठवलं. एरवी शर्ट धुवायला टाकण्याआधी हे तो काढून घेत असणार, या खेपेला भान राहिलं नव्हतं. मी फोटोत बाईकडं बघितलं होतं, दिव्याकडं बघितलं होतं, आणि मधल्या माणसाकडं बघायचं राहिलं होतं.

महिपतराव गॅरेजच्या पायरीवर बसले होते. गाडी उभी असायची त्या जागी तेलाचा डाग होता, त्याच्याकडं बघत. मी ओल्या हातानं बल्ब त्यांच्यापुढं धरला.

"हा कुणी काढला?"

त्यांनी बघितलं आणि लपवाछपवी केली नाही. "मी."

"कधी?"

"पहिल्यांदा सुरू झाली त्याच दिवशी."

"आणि बाबालालला बोलावलं, टेपा गुंडाळल्या, ते सगळं?"

त्यांनी मान हलवली.

माझ्या छातीत इतके दिवस जे साठलं होतं ते आता तोंडाशी आलं. "तिनं रोज यावं म्हणून?"

"कोण?" महिपतराव म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. टेम्पो वळला त्या कोपऱ्याकडं मी हात केला, तेव्हा त्यांना कळलं आणि त्यांच्या तोंडावर एवढं नवल उमटलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "ताईसाहेब? अगं, ती आली की मला धसकाच बसायचा. आज न्हेते म्हणंल म्हणून. गाडी तिच्यासमोर बंद पडली की बरं वाटायचं, आजचा दिवस तरी ऱ्हाईली म्हणून."

म्हणजे हसत होते ते त्यासाठी. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. धुणं तसंच पडलं होतं. माझ्या डोक्यातून बाई निघून गेली, पण तिच्यामागं जे होतं ते काही केल्या जाईना. शेवटी तेच विचारलं, कारण खरं जाळत होतं ते तेवढंच.

"मग मला का न्हाई विचारलं? साऱ्या उद्यमनगराला विचारलंत. एका शब्दानं मला का न्हाई?"

महिपतराव बल्ब चिमटीत धरून फिरवत होते. वर न बघता म्हणाले, "तुला विचारलं असतं तर त्याच दिवशी गेली असती गाडी."

मी उठले आणि आत गेले. आत जाऊन काय करायचं होतं तेच आठवेना. आयुष्यात मला कुणी त्याहून मोठं काही बोललेलं नाही, आणि ते ऐकायला मिळालं ते त्यांची गाडी माझ्या हातानं घालवल्यावर. बाई असती तर मी भांडले असते, माहेरी गेले असते, परतही आले असते. पण त्या लोखंडाशी काय भांडणार? ती गाडी पुण्याला गेली आणि तरी घरातनं गेली नाही.

तो बल्ब अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. यांनीच ठेवला, मी हात लावत नाही. त्यानंतर मी दुकानात बसायला लागले, आज गॅरेजच्या पाटीवर माझंही नाव आहे, आणि गाडीचं विजेचं काही अडलं की लोक सरळ मलाच विचारतात. पण अजूनही कधी रस्त्यावरनं एखाद्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा आवाज आला की जेवता जेवता यांचा घास हातात थांबतो. आवाज विरेपर्यंत थांबतो. तेव्हा मी भाकरी जरा आपटूनच वाढते.